पिकअपचा स्पीड सेन्सर: तो नक्की काय करतो, आणि बदलायच्या आधी काय काय तपासायचं

चालत्या गाडीत स्पीडोमीटरचा काटा धपकन शून्यावर पडला की माणूस आधी मीटरच्या काचेवर टपली मारतो. मीपण मारली होती. गाडी डबल कॅब, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. खड्डा आला की काटा पडायचा, क्रूझ (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावलेला असेल तर सुटायचा, आणि पुढच्या दोन सेकंदांत गिअरबॉक्स असा धक्का द्यायचा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस उठून बसायचा. सगळ्यांनी एकच सांगितलं, स्पीड सेन्सर गेलाय, नवीन टाक. टाकला. आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालली आणि आठव्या दिवशी परत तेच.

शेवटी सापडलं काय, तर गिअरबॉक्सच्या वरून जाणाऱ्या वायरिंगची एक प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली, त्यामुळे वायर ब्रॅकेटच्या धारेवर घासत होती, आणि नखाएवढ्या जागेत इन्सुलेशन जाऊन आतलं तांबं चमकत होतं. सेन्सर बदलताना वायर थोडी इकडेतिकडे झाली म्हणून आठवडा निघाला, एवढंच. जुना सेन्सर अजून टूलबॉक्समध्ये पडलाय, एकदम चांगला आहे. म्हणून हा लेख. सेन्सर बदलणं सोपं आहे हो, दहा मिनिटांचं काम, पण तो बदलायचा की नाही हे ठरवणं हेच खरं काम.

हा सेन्सर वेग मोजत नाही, दात मोजतो

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. सेन्सरला किलोमीटर वगैरे काही माहिती नसतं. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी रिंग असते, तिचा एकेक दात सेन्सरच्या तोंडासमोरून गेला की तो एक पल्स पाठवतो, बस. पुढचा सगळा हिशोब कंप्युटर करतो, आणि तो हिशोब टायर किती मोठा आहे आणि डिफरन्शियलचा (एक्सलमधले गिअर, जे शाफ्टचा वेग कमी करून चाकांना देतात) रेशो काय आहे हे गृहीत धरून केलेला असतो.

आकडे घालून बघू. समजा टायर २४५/७० आर १६. रिम १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी, टायरची बाजूची उंची २४५ च्या ७० टक्के म्हणजे १७१.५ मिमी, ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, मिळून व्यास ७४९.४ मिमी. परिघ झाला साधारण २.३५ मीटर, म्हणजे १ किलोमीटरला चाक अंदाजे ४२५ वेळा फिरणार. डिफरन्शियलचा रेशो ३.७३ असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जाणारा दांडा) १ किमीला साधारण १,५८५ वेळा फिरतो. रिंगला ४० दात धरले तर किलोमीटरला ६३ हजारांच्या वर पल्स. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १ किमी, म्हणजे सेकंदाला १,०५० च्या आसपास पल्स कंप्युटरकडे जातात. प्रत्यक्षात वजनाने टायर जरा दबतो त्यामुळे आकडा थोडा हलतो, पण अंदाज यायला एवढं पुरे. आणि हा १,५८५ चा आकडा लक्षात ठेवा, स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) लावल्यावर परत लागणार आहे.

तर ही सगळी साखळी आहे: रिंग, सेन्सर, कपलर (वायर जोडायचा प्लग), वायर, कंप्युटर, आणि कंप्युटरमधला टायरचा हिशोब. काटा चुकला म्हणजे यातली एक कडी चुकली. लोक थेट दुसऱ्या कडीवर उडी मारतात कारण तीच विकत मिळते.

काट्याशिवाय कोण कोण यावर अवलंबून असतं

ओडोमीटर तर आहेच. क्रूझ कंट्रोल, ठराविक वेगाला आपोआप लॉक होणारे दरवाजे, स्पीड लिमिटर, काही गाड्यांत वेगानुसार हलकं-जड होणारं स्टिअरिंग, चालत्या गाडीत फोर बाय फोर लावू द्यायचं की नाही हा निर्णय, हे सगळं वेगाच्या सिग्नलवर चालतं. गाडी थांबत येताना इंजिनला आयडल (गाडी उभी असतानाचा संथ वेग) सांभाळायला पण हाच सिग्नल कामी येतो, म्हणून काही गाड्या सेन्सर गेल्यावर चौकातल्या सिग्नलला येऊन थांबतानाच बंद पडतात आणि लोक कार्ब्युरेटर नाहीतर थ्रॉटल बॉडी साफ करत बसतात.

पण सगळ्यात जास्त हाल होतात ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे. त्याच्या कंप्युटरला दोन आकडे लागतात, आत येणारा शाफ्ट किती फिरतोय आणि बाहेर जाणारा किती. दोन्हींचा भागाकार म्हणजे चालू गिअरचा रेशो. आत २,००० आणि बाहेर पण २,००० तर डायरेक्ट गिअर. आत २,४०० आणि बाहेर २,००० दिसले आणि कंप्युटरने तर डायरेक्ट गिअर लावलेला, तर त्याला कळतं की क्लच घसरतोय. आता बाहेरचा आकडाच गायब झाला तर काय करणार बिचारा, सगळं बंद करून एकाच गिअरमध्ये गाडी धरून ठेवतो, ज्याला लिम्प मोड म्हणतात, किंवा जुन्या गाड्यांत कधीकधी भलताच गिअर टाकून मोकळा होतो.

पिकअपवाल्यांनी अजून एक गोष्ट ध्यानात घ्यायची. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग; त्याचा लॉक-अप, म्हणजे दोन्ही बाजू घट्ट जोडणारा क्लच, पण वेग बघूनच लागतो. सिग्नल नाही तर लॉक-अप नाही, लॉक-अप नाही तर कन्व्हर्टर सतत घसरत राहतो, आणि मागे माल किंवा ट्रेलर असेल तर गिअरबॉक्सचं तेल चांगलंच तापतं. रिकामी गाडी घरापर्यंत हळू आणणं वेगळं आणि "काटाच तर बंद आहे, चालतंय" म्हणत महिनाभर लोड ओढणं वेगळं. हे दुसरं करू नका, सेन्सरच्या नादात गिअरबॉक्स जाईल.

आधी तुमच्या गाडीत तो आहे कुठे ते बघा

जुन्या गाड्यांत सेन्सर नव्हताच, केबल होती. गिअरबॉक्समधून एक गरगर फिरणारी केबल थेट मीटरपर्यंत, तिच्या टोकाला लोहचुंबक, चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी, वाटीला स्प्रिंग आणि काटा. जर्मनीच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर जग याच्यावर चाललं. जपानी पद्धतीत ही केबल १ किमीला ६३७ वेळा फिरते असं ठरलेलं, आणि पुढे त्याच जागी सेन्सर आला तो एका फेरीला ४ पल्स देणारा, म्हणजे किमीला २,५४८. म्हणून बऱ्याच जपानी पिकअपमध्ये सेन्सर अजूनही केबलच्याच भोकात बसतो आणि त्याच्या खाली प्लॅस्टिकचं छोटं गिअर असतं. या प्रकारात सेन्सर ठणठणीत आणि गिअरचे दात गेलेत असं सर्रास होतं.

टू व्हील ड्राइव्हमध्ये सेन्सर बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या शेपटाकडच्या हाउसिंगवर असतो. फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) मागच्या बाजूला. तिथेच का, तर लो रेंजमुळे. लो रेंजमध्ये ट्रान्सफर केस वेग अडीच पट किंवा त्याहून जास्त कमी करतो, मग सेन्सर जर ट्रान्सफर केसच्या आधी असेल तर मीटर अडीच पट वेग दाखवेल. काही गाड्यांत तो आधीच असतो, तिथे कंप्युटरला लो रेंजच्या स्विचवरून कळतं की आता भागाकार करायचा. त्यामुळे तुमचा मीटर फक्त लो मध्ये भन्नाट वेग दाखवत असेल तर सेन्सरला हात लावू नका, तो स्विच बघा.

काही पिकअपमध्ये सेन्सर चक्क मागच्या डिफरन्शियलच्या डोक्यावर असतो, आतल्या क्राउन व्हीलजवळच्या रिंगचे दात मोजतो. तिथे वायर अख्ख्या चॅसिसच्या कडेने मागे जाते, चिखल दगड पाणी सगळं खात, आणि एक्सल वरखाली होताना प्रत्येक वेळी वाकते. अशा गाडीत मी आधी वायरवरच संशय घेईन.

आणि नवीन गाड्यांत बऱ्याचदा वेगळा असा स्पीड सेन्सर नसतोच. चारही चाकांचे एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर एबीएसच्या मॉड्यूलला जातात, तो वेग काढून नेटवर्कवर टाकतो आणि मीटर, इंजिन, गिअरबॉक्स सगळे तिथून उचलतात. तुमच्या गाडीत काटा पडल्यावर एबीएसचा दिवा पण लागतो का ते बघा. लागत असेल तर गाडीखाली शिरून गिअरबॉक्सवर सेन्सर शोधण्यात दिवस घालवू नका, गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडा किंवा चॅसिस नंबरवरून पार्टचं चित्र काढा.

दोन जाती, आणि दोघांची टेस्ट वेगळी

कपलरमध्ये किती पिना आहेत मोजा. दोन असतील तर बहुतेक चुंबकावर गुंडाळलेली साधी कॉइल. तिला बाहेरून करंट लागत नाही, दात समोरून गेला की ती स्वतःच एसी व्होल्टेज तयार करते. वेग जास्त तर व्होल्टेज जास्त. याचं दुखणं म्हणजे अगदी हळू वेगात सिग्नल एवढा बारीक होतो की कंप्युटरला ऐकूच येत नाही, त्यात टोक आणि दात यांच्यातली फट वाढली तर अजूनच. ही फट साधारण अर्धा ते दीड मिमी असते, तिथे टोकावर लोखंडी चुऱ्याची मिशी उगवली की खेळ संपला.

तीन पिना असतील तर बहुतेक हॉल सेन्सर. एक सप्लाय, एक अर्थ (मायनस), एक सिग्नल. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला. हा चौकोनी पल्स देतो, चालू-बंद चालू-बंद, आणि कितीही हळू फिरवलं तरी पूर्ण ताकदीचा देतो. सप्लाय गाडीप्रमाणे ५, ८ किंवा १२ व्होल्ट. याला ओहममध्ये मोजू नका, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, आकडा काहीही येईल आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एक गोची अशी की चाकांवरच्या नवीन एबीएस सेन्सरना दोनच पिना असतात पण ते कॉइलवाले नसतात, त्यांना ओहमची टेस्ट लावू नका.

तपासणी, याच क्रमाने

पहिलं काम फुकटचं आहे: सोबत अजून काय बिघडलंय ते लिहून काढा. फक्त काटा मेलाय पण क्रूझ लागतो, गिअर व्यवस्थित पडतात, तर सेन्सर चांगला आहे, दोष मीटरमध्ये किंवा मीटरच्या वायरमध्ये. काटा, क्रूझ, गिअर सगळं एकदम जातं तर सेन्सर किंवा त्याची वायर. फक्त हळू वेगात, दहा-पंधराच्या खाली काटा मरतो आणि वर गेला की जिवंत होतो, तर कॉइलवाल्या सेन्सरची फट किंवा टोकावरचा चुरा. फक्त पावसात किंवा धुतल्यावर, तर कपलरमध्ये पाणी. गाडी तापल्यावरच जातं आणि थंड झाली की परत येतं, तर कॉइलची आतली तार तापून सुटतेय असा संशय धरायचा. आणि गाडी उभी असताना, नुसत्या आयडलवर काटा थरथरतोय, तर सिग्नलच्या वायरवर बाहेरचा कचरा येतोय, अर्थ बघा, आणि कुणी जादा दिवे नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर बसवताना त्याची वायर या वायरिंगला बांधून ठेवलीये का ते पण बघा. मी तरी अशा गाड्यांत आधी बाहेरून बसवलेल्या सामानाच्या मागे लागतो.

दुसरं, स्कॅनर. पी०५०० म्हणजे वेगाच्या सिग्नलमध्ये गडबड, पी०५०१ म्हणजे सिग्नल आहे पण पटण्यासारखा नाही, पी०५०२ म्हणजे सिग्नल कमी, पी०५०३ म्हणजे मधेच येतोजातो किंवा उड्या मारतो. पी०७२० ते पी०७२३ हे गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या सेन्सरचे. पी०७१५ दिसला तर तो इनपुटचा, म्हणजे वेगळाच सेन्सर आहे, नाव सारखं वाटतं म्हणून भलताच पार्ट घेऊन येऊ नका. आणि कुठलाही कोड "सेन्सर बदला" असं सांगत नाही बरं का, तो सर्किटबद्दल बोलतो, आणि सर्किटमध्ये वायर पण आली.

कोड बघून स्कॅनर बंद करू नका, लाइव्ह डेटा (त्या क्षणाचे चालू आकडे) लावा. शेजारी कुणाला तरी बसवून स्कॅनर त्याच्या हातात द्या, चालवता चालवता स्वतः बघू नका. तीन गोष्टी बघायच्या: वेग, आउटपुट शाफ्टचा आरपीएम, आणि मिळत असतील तर चारही चाकांचे वेग. मोबाइलचा जीपीएस ६० दाखवत असताना शाफ्टचा आरपीएम तुमच्या टायर आणि रेशोच्या हिशोबाने येतो का बघा, वरच्या उदाहरणात १,५८५ च्या आसपास. आकडा बरोबर पण मीटर चुकीचा, तर सेन्सर आणि त्याची वायर दोन्ही सुटले, दोष पुढे आहे. आकडा मधेच शून्य होऊन परत येतो तर वायर आणि कपलर. आकडा स्थिर आहे पण कायम ठराविक टक्क्यांनी कमीजास्त, तर हा बिघाडच नाही, टायर किंवा रेशो बदललाय.

तिसरं, डोळे आणि बोटं. गाडीखाली जायचंय म्हणून आधी सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला पुढून-मागून ठोकळे, आणि गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, वजनाला पुरेसे स्टँड लावायचे. गाडी नुकतीच चालून आली असेल तर सायलेन्सर आणि गिअरबॉक्स गार होऊ द्या. मग कपलर काढा. आत हिरवट गंज, पाणी, किंवा तेल आहे का? तेल दिसलं तर बहुतेक सेन्सरच्या आतूनच पाझरतंय, तो सेन्सर बदलायचाच. पिना मागे सरकल्यात का ते टॉर्चच्या उजेडात बघा, कपलर क्लिक झाला तरी एक पिन आत दबलेली असू शकते आणि वरून काही कळत नाही. मग वायर हातात धरून शक्य तिथपर्यंत चाचपत जा, विशेषतः ती सायलेन्सरजवळून जाते तिथे, ब्रॅकेटवरून वळते तिथे, आणि चॅसिसच्या क्लिपांपाशी. माझी वायर नजरेला दिसली नव्हती, बोटाला लागली.

चौथं, मल्टीमीटर. कॉइलवाला असेल तर कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांत ओहम मोजा. काही शे ते दोन-अडीच हजार ओहमपर्यंत काहीतरी यायला हवं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. अनंत दाखवलं तर तार तुटली, शून्याजवळ तर शॉर्ट. एक पिन आणि सेन्सरची धातूची बॉडी यांच्यात मोजलं तर अनंतच यायला हवं. थंड असताना ठीक आला तर गाडी फिरवून आणून गरम असताना परत मोजा, फक्त तापल्यावर जाणारे सेन्सर असेच पकडले जातात.

मग मीटर एसी व्होल्टवर ठेवा. मागची दोन्ही चाकं हवेत, पुढच्या चाकांना ठोकळे, फोर बाय फोर टू-हाय (फक्त मागची चाकं) मध्ये, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद. दुसऱ्या माणसाला प्रोपेलर शाफ्ट किंवा चाक हाताने जोरात फिरवायला सांगा. आकडा छोटाच येईल, व्होल्टच्या काही दशांशांत, पण जोर वाढवला की वाढला पाहिजे आणि थांबलं की पडला पाहिजे. काहीच नाही आलं आणि ओहम मात्र ठीक होते तर रिंग किंवा फट. लोक स्टँडवर इंजिन चालू करून गिअर टाकून ही टेस्ट करतात, करू नका, दोन टनांची गाडी स्टँडवरून उतरली तर खालच्याला पळायला वेळ मिळत नाही. शिवाय मागची चाकं फिरतायत आणि पुढची उभी हे बघून एबीएसचा मेंदू गोंधळतो आणि दोन नवीन दिवे लावून देतो.

हॉल सेन्सर असेल तर कपलर लावलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूने वायरच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजायचं, वायरला भोक पाडायचं नाही, त्या भोकातून वर्षभराने गंज निघतो. चावी ऑन, इंजिन बंद. सप्लायला व्होल्टेज येतंय का, अर्थच्या वायरवर बॅटरीच्या मायनसच्या तुलनेत जवळजवळ शून्य येतंय का. यातलं एक जरी नसलं तर सेन्सरचा काही दोष नाही, फ्यूज आणि वायर शोधा. दोन्ही असतील तर सिग्नलच्या वायरवर मीटर लावून शाफ्ट अगदी हळू फिरवा, आकडा वर, खाली, वर, खाली असा टणाटण बदलला पाहिजे. बदलत नसेल तर आता म्हणायचं की सेन्सर संशयित आहे. सिग्नलच्या वायरला बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, तो ओढतो तेवढा करंट त्या सर्किटला झेपत नाही.

पाचवं आणि बहुतेक जण वगळतात ते, वायरची टेस्ट. बॅटरीची मायनस काढा, सेन्सरकडचा कपलर आणि कंप्युटरकडचा कपलर दोन्ही सोडवा आणि एकेक वायर टोकापासून टोकापर्यंत मोजा. एखाद-दोन ओहमच्या आत आली पाहिजे. मग मीटर लावलेलाच ठेवून वायर हलवा, ओढा, वाकवा, आणि आकड्याकडे बघत राहा. प्रत्येक वायर बॉडीशी आणि एकमेकींशी लागत नाही ना तेही बघा. माझ्या गाडीत नुसती मोजली तेव्हा वायर एकदम बरोबर होती, ब्रॅकेटजवळ बोटाने दाबली तेव्हा ती बॉडीला लागली.

एवढं करून सेन्सरच दोषी निघाला तर

बदलायचं काम आता खरंच छोटं. सेन्सरच्या आजूबाजूची जागा आधी ब्रशने आणि क्लीनरने साफ करा, कारण सेन्सर निघाल्यावर ते भोक थेट गिअरबॉक्सच्या पोटात जातं आणि तिथे वाळूचा कणसुद्धा नको. खाली ट्रे ठेवा, थोडं तेल येईल. बऱ्याचदा एकच बोल्ट असतो, १० चा पाना. बोल्ट काढल्यावर सेन्सर डावीउजवीकडे फिरवत फिरवत ओढायचा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर प्लॅस्टिकचं डोकं तुटून बूड आतच राहतं, मग मात्र दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

निघालेल्या सेन्सरचं टोक नीट बघा. पिठासारखा बारीक काळा चुरा थोडा असतोच, चुंबक आहे तो. पण चमकणारे तुकडे, सुईसारखे कण असतील तर गिअरबॉक्स काहीतरी सांगतोय, ते ऐका. टोकावर घासल्याच्या खुणा असतील तर रिंग डगमगतेय किंवा बेअरिंग सैल आहे, नवीन सेन्सर पण तसाच घासून मरेल. टॉर्च मारून भोकातून रिंग बघा, शाफ्ट हळू फिरवत प्रत्येक दात समोर आणा, तुटलेला किंवा चिरलेला दात असेल तर दिसतो. काटा ठराविक लयीत उडत असेल तर कारण बहुतेक हेच. खाली प्लॅस्टिकचं गिअर असलेला सेन्सर असेल तर गिअरचे दात मोजून ठेवा, कारण तो आकडा डिफरन्शियलच्या रेशोप्रमाणे बदलतो, आणि नवीन सेन्सरवर भलत्याच दातांचं गिअर बसलं तर मीटर कायमचा खोटं बोलेल.

नवा आणि जुना शेजारी ठेवून लांबी, कपलर, बोल्टचं भोक सगळं जुळवा. लांबीत एका मिलिमीटरचा फरक म्हणजे फटीत एका मिलिमीटरचा फरक, आणि फट मुळात असतेच एवढीशी. ओ-रिंग नवीनच घाला, तिला त्याच गिअरबॉक्सच्या तेलाचं बोट फिरवा, ग्रीस नको. सेन्सर हाताने पूर्ण बसला पाहिजे, बोल्टने ओढून बसवायचा नाही, कान तुटतो. बोल्ट बेताचा घट्ट. कपलर क्लिक झाल्यावर एकदा उलटा ओढून बघा. वायर जिथे क्लिपमध्ये होती तिथेच परत क्लिपमध्ये, क्लिप तुटली असेल तर नवीन, आणि सायलेन्सरपासून लांब.

मग कोड पुसा, तेलाची पातळी बघा, आणि गाडी बाहेर काढा. आधी अगदी हळू, मग खड्ड्याखड्ड्याचा रस्ता मुद्दाम शोधून, मग लांब सरळ रस्त्यावर सगळे गिअर पडेपर्यंत. ऑटोमॅटिक असेल तर पहिले काही दिवस गिअर जरा वेगळे पडल्यासारखे वाटू शकतात, कंप्युटर नव्याने शिकत असतो.

टायर मोठे लावलेत का?

पिकअपवाल्यांचा हा वेगळाच आजार. वरच्याच गाडीला २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७० आर १६ लावले तर व्यास ७४९.४ वरून ७७७.४ मिमी होतो, म्हणजे ३.७ टक्के जास्त. मीटर १०० म्हणतो तेव्हा गाडी १०३-१०४ ने चाललेली. २८५/७५ आर १६ लावले तर व्यास जवळजवळ ८३४ मिमी, आणि मीटरच्या १०० ला गाडी खरी १११ ने जातेय. ओडोमीटर पण त्याच प्रमाणात कमी पडतं, म्हणून मोठे टायर लावल्यावर मायलेज कमी झालं म्हणून रडण्याआधी अंतर दुरुस्त करून हिशोब करा.

आता कंपन्या मीटर मुद्दाम थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात, कारण संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही असं आहे, जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यात ४ किमी मिळवून जेवढे होतात तेवढं चालतं. त्यामुळे तीन-चार टक्के मोठा टायर बऱ्याचदा त्या फरकात जिरून जातो आणि मीटर उलट जीपीएसशी जास्त जुळायला लागतो. अकरा टक्के जिरत नाहीत. तेव्हा कंप्युटरमध्ये टायरचा साइज किंवा डिफरन्शियलचा रेशो नव्याने भरून घ्यायचा, काही गाड्यांत चांगल्या स्कॅनरने होतं, प्लॅस्टिक गिअरवाल्या जुन्या गाड्यांत वेगळ्या दातांचं गिअर बसवून, आणि जिथे दोन्ही जमत नाही तिथे सिग्नलच्या वायरमध्ये मधे बसणारा छोटा करेक्शन बॉक्स मिळतो. बॉक्स बसवताना तो सगळ्यांच्या आधी बसतोय की फक्त मीटरच्या आधी हे मात्र बघा, नाहीतर काटा बरोबर आणि गिअर अजून जुन्याच टायरच्या हिशोबाने पडतायत असं होतं.

आणि सेन्सर बदलून दोन दिवस झाले की एकदा खाली वाकून बघा, ओ-रिंगपाशी ओलसर नाही ना. माझ्या गाडीला होतं, पहिल्या वेळी घाईत जुनीच ओ-रिंग परत घातली होती.